झाकणावरचा दगड

जांबोटीच्या रानातल्या एका बिननावाच्या डोंगराची उंची उकळत्या पाण्यानं मोजायची, अशी प्रेमानंद मास्तरांची मोहीम होती. उंचावर हवेचा दाब कमी, आणि दाब कमी तिथं पाणी कमी तापमानाला उकळतं. निपाणीच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी हेच शिकवलेलं. मोबाईल त्यांनी हट्टानं घरी ठेवायला लावले. बरोबर दोघं: जुनी विद्यार्थिनी सुविधा आणि वाटाड्या देवाप्पा.

चढताना दोन खिंडी लागल्या, जुळ्या बहिणींसारख्या. दोन्हीकडं मास्तरांनी उघड्या डब्यात पाणी उकळून तापमापक बुडवला. खालच्या खिंडीत सत्त्याण्णव अंश, वरच्या खिंडीत साडेशहाण्णव.

शिखर हाकेवर आलं आणि धुकं उतरलं. असलं दाट, की देवाप्पानं काठी टोचली तर भोक पडलं अन् ते बुजेचना! (यात खोटं असलंच तर भोक जरा लहान असेल.) तिघं मागं फिरले, वाट चुकले आणि एका खिंडीत येऊन थबकले. कुठली ही? खालची असली तर उजवीकडं गाव. वरची असली तर वाट डावीकडं, उजवीकडं कडा!

लाकडं ओली, वारा झोंबरा. पाणी लवकर उकळावं म्हणून मास्तरांनी डब्याला झाकण लावलं आणि घरच्या भाताच्या सवयीनं वर चांगला जड दगड ठेवला. झाकणाच्या भोकातून चिंधी गुंडाळलेला तापमापक आत. सत्त्याण्णव!

"सर, दगड काढून बघूया का?" सुविधा म्हणाली. "आत दाब वाढला असंल."

"कुकर मी तुला शिकवला. तू मला न्हवं."

तिघं उजवीकडं वळले.

वीस पावलं. पन्नास. माती सुटली. देवाप्पा गेला! सुविधानं झेप घेऊन त्याचं घोंगडं धरलं. मास्तरांनी पालथं पडून तिचे पाय धरले. खाली गडगडलेल्या धोंड्याचा आवाज वर आलाच नाही. इंचाइंचानं देवाप्पा वर आला, गुडघा सोलून.

खिंडीत परतल्यावर मास्तरांची मान वर होईना. त्यांनी स्वतः झाकण-दगड बाजूला केले, पुन्हा पाणी उकळलं आणि तापमापक सुविधाच्या हातात दिला. साडेशहाण्णव. शिखराचं नावही न काढता तिघं डावीकडून उतरले.

गुडघा कशानं सोलला, असं देवाप्पाच्या बायकोनं, यशोदाबाईनं, दारातच विचारलं. धुकं लई होतं, असं म्हणून त्यानं मास्तरांना सांभाळून घेतलं.

मास्तर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"धुक्याचा दोष न्हाय, आक्का," ते म्हणाले. "ह्या पोरीनं बरोबर सांगितलं होतं. मी तिला गप्प केलं."