हँडब्रेक लावला होता

गाडी चालवायला कुणीही शिकतं, उभी करून ठेवायला अक्कल लागते, असं ताई नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी ऐकवायची. गिऱ्हाईक हसायचं. ताई हसायची नाही. सहा-सहा महिने बाहेर जाणारी माणसं आपल्या गाड्या तिच्या शेडमध्ये ठेवून जायची, आणि परत आल्यावर किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात गाडी सुरू व्हायची. तिचं सगळं नाव त्या एका झटक्यावर होतं.

शेड म्हणजे बंद पडलेल्या गोदामाचा लांबट हॉल. खाली सिमेंटची जमीन, वर पत्रा, आणि दोन्ही भिंतींना कापडी कव्हरं घातलेल्या गाड्यांच्या रांगा. प्लॅस्टिकचं कव्हर ताई आत येऊ द्यायची नाही, त्याखाली ओल धरते म्हणून. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, बॅटरीची एक वायर सोडलेली, सायलेन्सरच्या तोंडात उंदीर शिरू नये म्हणून चिंधीचा बोळा, टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा जरा जास्त. आणि हँडब्रेक कायम खाली.

हे शेवटचं गिऱ्हाइकांच्या डोक्यात शिरायचं नाही. ब्रेक महिनोन् महिने ओढलेला राहिला तर आतले लायनर गंजतात आणि ड्रमला घट्ट चिकटून बसतात. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, ब्रेक सोडायचा आणि चाकांच्या मागेपुढे लाकडी ठोकळे सारायचे. दर आठवड्याला ठोकळे काढून गाडी हातभर ढकलायची, म्हणजे टायर एकाच जागी बसून चपटे होत नाहीत. इतकी वर्षं हेच करून ताईच्या अंगात ते भिनलं होतं. गाडी थांबली, न्यूट्रल, किल्ली बंद, खाली उतर, ठोकळा. ब्रेककडे हात जायचाच नाही.

"ताई, तू एक दिवस भर चौकात उतरून ठोकळा शोधशील," धाकटा म्हणायचा.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. गाड्यांच्या पोटाखाली आडवं पडून करायचं ते सगळं काम त्याचं. लहानपणी ताईच्या हातून काही फुटलं, सांडलं, हरवलं की हा पुढे व्हायचा आणि "माझ्याकडून झालं" म्हणून मार खायचा. मोठेपणी मार बंद झाला, पण सवय गेली नाही. ताई टाकीचं झाकण विसरली तर तो गुपचूप लावून टाकायचा आणि कुणी विचारलं तर सांगायचा, ताईनेच लावलं की. या लाडांनी तिला थोडं बेफिकीर केलं होतं, हे तिला फार उशिरा कळलं.

जुनं गिऱ्हाईक असलेले मास्तर सहा महिन्यांनी मुलीकडून परत आले, तेव्हा त्यांची गाडी पोचवायला ताई स्वतः गेली. आदल्याच दिवशी धाकट्याने त्या गाडीचे ब्रेक उघडून, साफ करून, केबल ताणून बसवली होती. तो मागून स्कूटरवर येत होता, ताईला परत न्यायला. मास्तरांचं घर चढावरच्या गल्लीत. फाटकाशी ताईने गाडी थांबवली; मागचं चाक एका उथळ खळग्यात टेकलं. न्यूट्रल, किल्ली बंद, खाली उतरली. क्षणभर तिची नजर मागच्या चाकाकडे गेलीसुद्धा, काहीतरी राहिलं आहे अशी. मग ती बेल वाजवायला गेली.

मागे धाकट्याला नंबर प्लेटचा एक स्क्रू ढिला दिसला. ढिला स्क्रू दिसला आणि हा पुढे गेला, असं कधी झालं नव्हतं. तो स्क्रू ड्रायव्हर काढून गाडीमागे उकिडवा बसला. त्याच्या पाठीशी विजेचा खांब होता.

खळग्यातून सुटून गाडी मागे निघाली तेव्हा काही आवाज झाला नाही. आवाज झाला तो खांबाचा.

ताई धावली. दार उघडून आत झेपावली आणि हँडब्रेक खच्चून वर ओढला. गाडी केव्हाच थांबलेली होती, त्या ओढण्याला काही अर्थ नव्हता, पण तिच्या हाताने तो ओढला. मास्तर धापा टाकत बाहेर आले. माणसं जमली, गाडी पुढे ढकलून धाकट्याला काढलं, कुणीतरी अॅम्ब्युलन्सला फोन केला. मास्तरांनी खिडकीतून आत पाहिलं.

"ब्रेक तर लावलेला दिसतोय," ते म्हणाले.

"हो," ताई म्हणाली. "हँडब्रेक लावला होता."

गाडीचा मागचा भाग चेपून केबल निसटली होती, त्यामुळे आधी काय होतं ते तपासायला मार्ग उरला नाही. ब्रेक लावलेला असून गाडी घसरली, म्हणजे ब्रेक बसवणाऱ्याने ढिलाई केली, इतकं गणित कुणालाही जमतं. धाकटा डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला होता आणि स्वतःची बाजू मांडायला त्याला तोंड नव्हतं. ताईला तोंड होतं. ते तिने मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये आली ती केवळ हाताला काम हवं म्हणून. दारालगतच्या निळ्या गाडीचे ठोकळे काढले आणि ढकलायला जोर लावला. गाडी जागची हलेना. किल्ली आणून दार उघडलं. हँडब्रेक वर होता.

गोंधळात आपल्याच हातून ओढला गेला असेल, असं म्हणून तिने तो खाली केला. सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या तिच्या घरच्या कपाटात असत आणि कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये. दुसऱ्या कुणाचा हात त्या गाडीत पोचायला वाव नव्हता.

दुपारी दवाखान्यात भावजय म्हणाली, "पहाटे घामाने नुसते न्हाले होते हे. नर्स म्हणते, जड काम करून आल्यासारखी नाडी पळत होती. पडल्या जागी कसलं काम, ताई?"

निघताना व्हरांड्यात भावजयीने तिचा हात धरला. शेडजवळच्या गॅरेजच्या लायनीत लोक काय काय बोलत होते ते तिच्या कानावर आलं होतं. "तुम्ही ब्रेक लावला होतात ना?" तिने विचारलं.

"लावला होता गं," ताई म्हणाली. मान खाली घालून म्हणाली, आणि भावजयीला ते दुःख वाटलं.

दुसऱ्या सकाळी डाव्या भिंतीकडच्या सगळ्या गाड्यांचे हँडब्रेक वर होते.

ताई भाबडी बाई नव्हती. तिने प्रत्येक दाराचं कुलूप पाहिलं, काचा पाहिल्या, पत्र्याला कुठे फट आहे का तेही शिडी लावून पाहिलं. गाड्यांवरच्या कव्हरांच्या दोऱ्या तिनेच बांधलेल्या होत्या आणि गाठी तिच्याच होत्या. शेवटच्या गाडीत बसून तिने ब्रेकच्या मुठीवर हात ठेवला. मूठ ओलसर होती. तिने बोटं नाकाशी नेली. घाम, आणि त्याच्यामागे ग्रीस.

नंतर काही दिवस कुणी काही विचारलं नाही, आणि तिनेही कुणाला काही सांगितलं नाही. ब्रेक जिथल्या तिथे खाली राहिले. धाकट्याचा ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर श्वासाची नळी काढून बघू. भावजयीच्या चेहऱ्यावर रंग आला, ती घरून डबा आणून पहिल्यांदा नीट जेवली. ताईचा जीव भांड्यात पडला. आपण मनाचे खेळ खेळत होतो, असं ती स्वतःला समजावू लागली.

मग विम्याचा माणूस आला. हसतमुख, घाईत असलेला. शेडच्या दारात उभ्या उभ्या त्याने विचारलं, "बाई, मला फक्त एक सांगा. उतरण्याआधी हँडब्रेक लावला होता?"

समोर नुसता परका माणूस होता. त्याला खरं सांगून टाकणं भावजयीला सांगण्यापेक्षा कितीतरी सोपं होतं. ताईने तोंड उघडलं, आणि तिला मास्तरांचं फाटक दिसलं, भावजयीचा डबा दिसला, गॅरेजची लाईन दिसली.

"लावला होता," ती म्हणाली. वर डाव्या हाताने हवेत ओढून दाखवला. "असा. पुरता."

सकाळी ती आत शिरली आणि कुठल्याही गाडीला हात लावण्याआधीच तिला कळलं. तरी तिने एकेक दार उघडलं. सगळ्या. दोन्ही रांगा. ब्रेक इतके ताणलेले की सोडवायला दोन्ही हात लागत होते. एका जुन्या गाडीत तर मुठीचं रबर पिळवटून निघालं होतं, आणि रबराच्या कडेला रक्ताचा बारीक डाग होता.

फोन वाजला तो भावजयीचा. पहाटे धाकट्याचं हृदय थांबता थांबता राहिलं होतं. "डॉक्टर म्हणतात अंगात ताकदच उरली नाही," ती रडत होती. "काल तर बरे होते हो ताई. काय झालं एकाएकी?"

ताई त्या जुन्या गाडीच्या सीटवर बसून राहिली. आता तिला स्वतःला फसवता येईना. ती लावला म्हणत होती, आणि तो लावत होता. बहिणीचा शब्द खोटा पडू नये म्हणून, आयुष्यभर केलं तसंच. आणि त्या अंगात आता एकदा तरी पुन्हा ओढायला बळ होतं का, हे तिला विचारायचीही हिंमत होत नव्हती. तिला स्वतःची इतकी किळस आली की ती गाडीतून उतरून भिंतीशी ओकली.

मग तिने ठरवलं. आजच सांगायचं, भावजयीलाच सांगायचं, आणि तिने तोंडात मारली तर खाऊन घ्यायची.

दवाखान्याची खोली दुपारच्या उन्हाने भरली होती. धाकटा पांढऱ्या चादरीखाली लहान दिसत होता. त्याच्या डाव्या पंज्याला पट्टी होती.

"झोपेत नखं रुतली म्हणतात," भावजय म्हणाली. "मूठ सोडतच नव्हते."

ताई खुर्ची ओढून बसली. वाक्य तयार होतं. वाटेत येताना तिने ते इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आता पाठ झालं होतं. पण आधी भावजयच बोलली.

"ताई, लोक म्हणतात ह्यांचं काम ढिलं होतं. खरं असेल तर मी ऐकून घेईन. पण ह्यांनी आयुष्यात ढिलं काम केलेलं मी पाहिलं नाही. तुम्ही विसरला असाल तर तसं सांगा. मी काही म्हणणार नाही. शप्पथ."

तिचे ओठ थरथरत होते. काही म्हणणार नाही म्हणणारं माणूस पुढे आयुष्यभर काहीच म्हणत नाही, हे ताईला त्या ओठांकडे बघून कळलं. ही पुन्हा कधी आपल्याला ताई म्हणणार नाही.

"लावला होता गं," ताईच्या तोंडून गेलं.

चादर हलली.

डावा हात. पट्टीतल्या पंज्याची मूठ वळली. अंगठा सुटा झाला, वाकला, आणि काहीतरी दाबल्यासारखा खाली गेला. मग मूठ मनगटातून वर येऊ लागली. सावकाश. थरथरत.

कट्. कट्. कट्.

आवाज त्याच्या सांध्यांतून येत होता.

भावजय ताडकन उठली. "हलवला! ताई, हात हलवला ह्यांनी!" ती हसत होती आणि रडत होती. "माझ्या डोळ्यांदेखत पहिल्यांदा! बघा, बघा!"

मूठ चादरीवर पडली. धाकट्याच्या कपाळावर घाम फुटला. उशाच्या यंत्रावरचा आकडा खाली उतरला, आणखी खाली उतरला.

"नर्सला बोलव," ताई म्हणाली. "आधी नर्सला बोलव."

"बोलावते. पण तुमच्या आवाजाला हलले ते! मी एवढे दिवस बोलते आहे, माझ्या आवाजाला एक बोट हललं नाही." भावजयीने ताईचा हात ओढून त्याच्या मुठीवर ठेवला आणि वरून स्वतःचे दोन्ही हात दाबले. "पुन्हा बोला ना, ताई. आत्ता म्हणालात तेच. काय म्हणालात तुम्ही?"

ताईने तोंड उघडलं नाही.

"म्हणा ना," भावजय म्हणाली. "बघा, ते वाट बघतायत."

ताईच्या तळव्याखाली मूठ गरम होती. अंगठा पुन्हा वाकला होता.