पाइप वाळेपर्यंत

दुष्काळाच्या त्या दुसऱ्या वर्षी माझ्यावर पाऊस पडला तो एकदाच, आणि तोही आगीच्या बंबातून!

साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर मी कामाला होते. जेवणाच्या सुट्टीत बंबाच्या शेडवरून घरी निघाले, तर तिथले लोक पंप चालतो का ते बघत होते. पाइपचं तोंड जरा वळलं... आणि मी केसांपासून चपलांपर्यंत चिंब! तिकडे श्रीगोंद्यात बायका हंडाभर पाण्यासाठी टँकरमागे पळत होत्या, आणि मी इस्त्रीच्या साडीत ठिबकत उभी.

"डोळे आहेत की बटणं?" मी ओरडले.

पाइप धरलेला उंच, सावळा माणूस पार गडबडला. "माफ करा बाई... त्वांड वळलं."

"कुणाचं?"

"पाइपाचं." मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "माझं आत्ता वळलं."

अगोचरपणाच होता तो! पण मी दचकले ते त्या आवाजाने. हा आवाज मी रोज ऐकत होते. मदतीची वर्दी आली की बंब जायचा, आणि परतला की शेडमधून बोर्डावर कळवायची पद्धत होती... "बंब परत आला. सगळे हायेत." मी "बरं, ठेवा" म्हणायचे, आणि संपलं.

"म्हणजे 'सगळे हायेत' ते तुम्हीच?"

"आन् 'बरं, ठेवा' त्या तुमी व्हय?" तो हसला. "आवाजावरनं मला वाटलं, चाळिशीच्या असाल."

मी तणतणत घरी गेले. साडी वाळत घालताना मात्र उगीच हसू येत होतं.

त्याचं नाव कानिफनाथ, गाव सोनई. त्यानंतर त्याचे फोन लांबत गेले. "बंब परत आला. सगळे हायेत. साडी वाळली का?" असं तो महिनाभर विचारत होता. मीही काही कमी नव्हते. "वाळली, पण आटली. नवी कोण घेणार?" तिकडून उत्तर यायचं, "घ्यायची म्हनलं तर रंग ठावा पाहिजे न्हवं?" माझे कान तापायचे. "बरं, ठेवा!"

मग मे महिन्यातली ती दुपार आली.

कारखान्याच्या जवळच्या ऊस गटाच्या ऑफिसातून फोन आला. दगडाबाई नावाची शेजारच्या मळ्यातली बाई बोलत होती. "ताई, हीर खांदताना दरड कोसळली... मानसं खाली हायेत... लौकर धाडा!" मी बंब पाठवला. पण त्या बाईने जन्मात फोन हाताळला नव्हता. तिने तो खाली ठेवला तो तसाच, उघडा. विहीर ऑफिसच्या मागेच होती. माझ्या कानात सगळं येत राहिलं. वरून बायामाणसं हाका मारत होती, "भीमा, ओ दे रं... भीमा, ओ दे!"

ओ काही येईना. मला बोर्डातली जोडणीची दोरी ओढून फोन तोडता आला असता, पण हात उचलेना. शेवटी हाका थांबल्या.

संध्याकाळी शेडमधून फोन आला. "बंब परत आला," कानिफनाथ म्हणाला.

मी वाट बघत राहिले. "सगळे...?"

त्याने फोन ठेवून दिला. विहिरीतून दोघं जिवंत निघाले होते. भीमा गेला होता.

त्यानंतर बंब परतल्याचं दुसरंच कुणीतरी कळवू लागलं. मला राहवेना, मी शेडवर गेले. कानिफनाथ पायरीवर बसला होता, स्वतःच्या तळहातांकडे बघत.

"साडीची चौकशी बंद झाली वाटतं?" मी म्हटलं.

तो हसला नाही. "सोमवारी सोनईला चाललोय. कायमचा. ह्या हातांनी आता कुनाला धरवंल, असं वाटत न्हाई."

हा माणूस मला हवा होता. हे मला आत्ता कळत होतं, आणि तो निघाला होता!

मी तडक बंबाचे जमादार सूर्यभानकाका यांना गाठलं. मिशा पिकलेले, आवाज भसाडा. "काका, त्याला समजवा ना!"

"समजावून काय हुतंय, पोरी? आमची एक रीत हाय. वर्दीवरनं आलं, की पाइप धुवायचा, वापरला असू द्या नायतर नसू द्या. समद्यांनी रांगेनं बसायचं, आन् पाइप वाळंपत्तुर कुनी घरी जायचं न्हाई. हात कामात असले की त्वांड सुटतं. ज्यानं जे बघितलं, त्ये तिथंच बोलायचं. ह्यो बसतो... पर बोलत न्हाई." मग ते माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "आन् तू? तू कुनापाशी बोललीस?"

"मी? मी तर नुसती बोर्डावर होते."

पण बोलताना माझा आवाज कापला. त्या दिवसापासून फोन आल्याची खूण म्हणून बोर्डावरची झडप पडली, की माझ्या हाताला घाम फुटत होता. हे मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "चुकलंच आमचं. वर्दी आधी येती ती तुझ्या कानात. आन् इतक्या वर्सांत पाइप धुवायला तुला कुनी बोलावलंच न्हाई."

शनिवारी शेतात उसाचं पाचट पेटल्याची वर्दी आली. ड्यूटी संपवून मी शेडवर गेले. माणसं लांबलचक पाइपाला रांगेने बसली होती, कानिफनाथ शेवटच्या टोकाला. मी पदर खोचला आणि त्याच्या शेजारी बसले. समोरच्या चाळीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. राहू देत!

ब्रश ओला करून मी पाइप घासायला घेतला. खाली बघतच बोलले. "त्या दिवशी फोन उघडा राहिला होता. मला सगळं ऐकू येत होतं. 'भीमा, ओ दे'... इतक्या हाका, आणि ओ नाही. अजून रोज कानात येतं. त्याने एकदा तरी ओ द्यायला हवी होती..."

शेजारचे हात थांबले.

"देत हुता," कानिफनाथ म्हणाला.

मी मान वर केली.

"मी खाली उतरलो, तवा दर हाकेला ओ देत हुता. बारीक आवाजात... वर ऐकू जात नव्हतं. माझा हात धरला हुता त्यानं. मी म्हनलो, सोडनार न्हाई. आन्... सुटला."

"सुटला न्हाई." रांगेच्या मधून काकांचा भसाडा आवाज आला, आणि तो चक्क रडवेला होता. "वरनं माती पुन्ना यायला लागली, तवा तुला मी वडून काढला. तू सोडलाच नव्हता रं. त्याचं ओझं माझ्याकडं हाय, तुझ्याकडं न्हाई."

कानिफनाथने गुडघ्यात तोंड घातलं आणि तो मोठ्याने रडला. मीही रडले. कुणी त्याला गप्प केलं नाही. सगळे पाइप घासत राहिले. भीमाने ओ दिली होती. माझ्या कानातल्या त्या हाकांना आता उत्तर होतं. फेसाच्या पाण्यात मी त्याचा हात धरला, आणि त्याने माझा. चांगला घट्ट धरला होता की!

थोड्या वेळाने मी उठायला लागले, तर काका डोळे पुसत म्हणाले, "बस खाली. पाइप वाळला न्हाई अजून."

सोमवारी सोनईकडची एसटी यायच्या वेळेला बंब लाकडाच्या वखारीची आग विझवायला गेला. बंबावर कोण कोण गेलं, हे विचारायची माझी छाती होईना. संध्याकाळी झडप पडली. हाताला घाम फुटला, पण मी दोरी लावली.

"बंब परत आला." तोच आवाज. मग जरा थांबून... "सगळे हायेत."

माझे डोळे भरून आले. "आणि एसटी?"

"गेली. माझ्याबिगर." तिकडे घसा खाकरला. "पाइप धुवायला येता न्हवं?"

"मला किती दिवस पाइप धुवायला लावणार आहात?"

"जल्मभर... चालंल का?"

"बरं," मी म्हणाले. 'ठेवा' मात्र म्हणाले नाही.