कातळाहून गार

मला वाटलं होतं, गावकरी माझ्या यंत्रांवर संशय घेतील. कॅनडात शिकून मी गावच्या गुहेत बिनबॅटरीचे संवेदक लावायला परतले, आणि घडलं उलटंच. यंत्रं पहिल्याच दिवशी गावाची झाली. संशय माझ्यावर. "त्यांना बॅटरी लागत नाही, आणि हिला तासातासाला कॉफी," गावातले विंकोकाका सगळ्यांना सांगत.

यंत्र म्हणजे नाण्याएवढी चकती, कातळाला चिकटवलेली. एरवी झोपलेली. कातळाहून गरम किंवा गार काही टेकलं, की तेवढ्या फरकावर जागी होते आणि माझ्या फोनवर तापमानाच्या आकड्याचा निरोप धाडते. गुहेत पूर शिरला, तर बाहेरचं कोमट पाणी आधी तिलाच शिवणार.

दुसऱ्या दिवशी काकांच्या लेकीचं, नेवाचं लग्न गुहेतल्या मोठ्या दालनात होतं. अख्ख्या वऱ्हाडाचा जीव माझ्या चकत्यांच्या भरवशावर.

आदल्या दुपारी काका आणि मी तिथे बाकं मांडत होतो. ओल्या चुनखडीचा वास, कुठेतरी थेंबांची टपटप. फोन वाजला. सगळ्यात आतली चकती. विजेरी घेऊन धावलो, तर कातळ कोरडा ठणठणीत. काकांनी चकतीला विचारलं, आमंत्रण नाही म्हणून रुसलीस का गं. मी हसत आकडा पाहिला आणि हसू तिथेच राहिलं. पाण्याने तो वर चढायला हवा होता. तो उतरला होता. कातळाहून गार काहीतरी तिच्यावर टेकलं होतं.

काका हळूच म्हणाले, "यांको असाच भिंतीला तळहात लावायचा... पाणी यायच्या आधी कातळ थरथरतो म्हणे."

यांको त्यांचा थोरला भाऊ. गुहेचा रखवालदार. एका पुरात आत राहिला तो राहिलाच.

पुन्हा निरोप. आता आमच्या पाठीमागची चकती. मग तिच्या पुढची, दाराच्या बाजूची.

"घाईत दिसतोय..." काका पुटपुटले. "लग्नाला उशीर त्याला खपायचा नाही."

बाहेर येऊन आम्ही दाराला कुलूप घातलं.

सकाळी आभाळ लख्ख होतं. दारामागची शेवटची चकती मात्र रात्रभर थांबून थांबून जागी होत होती. ज्याचा उलगडा होत नाही तो आकडा खोडावा, असं मला शिकवलं होतं. मी खोडला नाही; पाण्याआधीचा इशारा मानला. कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि नेवाला सांगायला निघाले: लग्न गुहेत नाही, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होईल. रडेल, मला वेडी म्हणेल. म्हणू दे.

चढावर फोन वाजला. माझ्या कोटाच्या खिशातली सुटी चकती. आकडा उतरलेला.

मी त्याच्यासाठी चाल जरा हळू केली.