सातवा डाग

टॅबच्या काचेवर सात डाग होते. चित्रं सहा होती.

ताईने टॅब खिडकीकडे तिरका धरला. तेलकट बोटांचे ठसे उजेडात स्वच्छ दिसले. वरच्या ओळीत पाणी, दिवा, दुखतंय. खालच्या ओळीत बाथरूम, हो, नाही. प्रत्येक चित्राच्या मधोमध बोट टेकून टेकून एकेक धूसर गोल झाला होता. सातवा डाग त्यांच्याखाली, डाव्या कोपऱ्याजवळ होता. फिकट, पण गोल. बोट घसरलं असतं तर लांबट रेघ उठली असती. हे बोट तिथे दाबलं गेलं होतं. अ‍ॅपमध्ये त्या जागी काहीच नव्हतं.

पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुने आणि गळत्या तपासत वीस वर्षं काम केल्यावर काच आधी पाहायची आणि मग वापरायची ही सवय लागते. तिने डाग पाहिला, कारण सुचलं नाही, म्हणून टॅब बाबांच्या मांडीवर परत ठेवला.

बाबा खुर्चीत होते. पक्षाघाताचा झटका येऊन वर्ष झालं होतं. उजवा हात उशीवर दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवल्यासारखा पडलेला असे. जीभही त्याच दिवशी गेली. डाव्या हाताच्या बोटाने ते चित्र दाबत आणि लिफ्टमधल्या बाईसारखा प्रसन्न आवाज सांगे, "पाणी." हे अ‍ॅप त्यांच्यासाठी धाकट्याने बनवलं होतं.

थोड्या वेळापूर्वीच चहाचा कप हातात देताना धाकट्याने नेहमीचा प्रश्न विचारला होता, "ताई, बाबांचं काय ठरवलंस?"

तिने नेहमीचं उत्तर दिलं होतं, "अ‍ॅप वर जाऊ दे, मग बघू."

आता तो आतल्या खोलीतून बाहेर आला. चेहरा उतरला होता. त्याने तिला खुणेनं आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"परत अकरा."

"नीट सांग."

"स्टोअरचा नियम आहे. माझ्यासारख्या एकट्या माणसाचं अ‍ॅप असेल तर आधी बारा जणांनी सलग चौदा दिवस परीक्षक म्हणून नोंदलेलं राहायचं, वापरून बघायचं. मगच अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करायला अर्ज करता येतो. हे तिसऱ्यांदा मोडलं, आणि तेही रविवारीच."

"कोण बाहेर पडलं?"

"तेच कळत नाही ना. स्टोअर आकडा दाखवतं, नाव दाखवत नाही. आणि गंमत बघ, उद्या परत बारा होतील. मागच्या दोन्ही वेळा झाले."

"मग बिघडलं कुठे?"

"सलग पाहिजेत, ताई. एक जण घटकाभर जरी बाहेर गेला तरी मोजणी पहिल्यापासून. डोक्यात नुसता अंधार झालाय. बाबांनी मेन स्विच पाडल्यासारखा."

ती किंचित हसली. बाबा वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते. लहानपणी ही दोघं हाकेला ओ देईनाशी झाली की बाबा शांतपणे उठून घराचा मेन स्विच पाडत. दोघं ओरडत धावत आली की स्विच परत वर.

"मुदत किती उरलीय?"

"एक फेरी. पुनर्वसन संस्थेला महिनाअखेरीच्या आत अ‍ॅप स्टोअरवर हवंय. तरच त्यांच्या रुग्णांना देणार आणि मला कामावर घेणार. ही फेरी मोडली तर संपलं. आधीची नोकरी सोडून बसलोय मी." तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तू गळत्या शोधतेस ना जन्मभर? ही एक शोधून दे."

संस्था दुसऱ्या गावात होती. धाकटा आणि भावजय तिकडे जाणार, हे ठरलेलं. बाबांसाठी दोनच वाटा होत्या: गावाबाहेरचं केअर सेंटर, नाहीतर ताईचं घर. ताई एकटी राहत होती. दोन खोल्या, हवेशीर, लिफ्ट असलेल्या इमारतीत. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि तिने हो म्हटलं नव्हतं. ह्या प्रश्नावर वर्षभर तिच्या आत काहीच हलत नव्हतं. बर्फाला हात लावून ठेवला की काही वेळाने तो कुणाचा हात आहे ते कळत नाही, तसं.

तिने काम हातात घेतलं. काम असलं की बरं असतं.

आधी फोन. धाकट्याने प्रत्येक परीक्षकाच्या फोनवर स्वतःच्या हाताने दोन चिन्हं ठेवली होती: एक अ‍ॅपचं, एक स्टोअरच्या परीक्षक-पानाचं. त्या पानावर एकच बटण. आत असलात तर ते तुम्हाला बाहेर काढतं, बाहेर असलात तर आत घेतं. लॅबमधून सुटल्यावर ताई घरोघरी फिरली. खालचा शिंपी, किराणावाला, भावजयीची आई, एकेक करून सगळे. सगळ्यांच्या पानावर एकच वाक्य: तुम्ही परीक्षक आहात.

"बाबांचा टॅब राहिला," ती फोनवर म्हणाली.

"तो मीच लावून दिलाय," धाकटा म्हणाला. "तो कशाला धरतेस?"

मग संशयित. पहिला, वकील. हा खरा विमा कंपनीतला कारकून. प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून धाकट्याने ठेवलेलं नाव. अ‍ॅपमधली चित्रं त्याने काढली होती, आणि अर्ध्यावर भांडून तो बाजूला झाला होता.

"तुम्ही भांडून गेलात ना?"

"गेलो. त्याचं म्हणणं सहा चित्रं पुरेत. माझं म्हणणं, माणसाला 'का' विचारायलाही एक चित्र पाहिजे. त्याने ऐकलं नाही."

"म्हणून अ‍ॅप अडवताय?"

"ताई, चित्रं माझी आहेत. स्वतःचं पोर शाळेत जायला निघालं तर बाप दारात आडवा पडतो का?"

"तिन्ही वेळा रविवारी मोडलं. रविवारी कुठे असता?"

"अंथरुणात. फोन बायकोकडे. हवं तर तिला विचारा, पण रागावलेली असेल." मग तोच म्हणाला, "माझं ऐकणार असाल तर एक सांगतो. ज्याला अ‍ॅप नकोय तो परत कशाला येईल? चिडलेला माणूस दार आपटून जातो. हा दार उघडून बाहेर डोकावतो आणि लगेच आत येतो. ह्याला अ‍ॅपशी देणंघेणं नाही. दुसरंच काही हवंय."

वकिलाचा मुद्दा बिनतोड होता.

दुसरी, भावजय. दातांच्या दवाखान्यात ती पेशंटच्या वेळा सांभाळायची. दुपारी जागा रिकामी होती. तिने ताईला पेशंटच्याच खुर्चीत बसवलं.

"माझ्यावर संशय आहे ना?"

"सगळ्यांवर आहे."

"मग ऐका. वर्षभर मी त्यांना उचलते, बसवते, पुसते. मला इथून जायचंय, ताई. मी कशाला मोडेन?"

"रविवारी कुठे असतेस?"

"माहेरी. तुम्ही येता म्हणून तर जाते. आठवड्यातला तेवढाच दिवस माझा."

"म्हणजे रविवारी घरात आम्ही तिघंच."

"हो." तिने ट्रेमधली अवजारं सरळ रेषेत लावली. "आता मी एक विचारू? तुमचं काय ठरलंय?"

"अ‍ॅप वर जाऊ दे, मग बघू."

"तुमच्या भावाचंही तेच पालुपद. चोराच्या हातची लंगोटी म्हणतात तसं झालंय माझं, जे मिळेल ते उत्तर घ्यायचं." ती चिडली नव्हती. चिडायचीही ताकद संपल्यासारखी बोलत होती.

शेवटी ताईने स्पीच थेरपिस्टला फोन केला. दर आठवड्याला येणाऱ्या ह्या बाईही परीक्षक होत्या. त्यांचा रविवार दुसऱ्या रुग्णाकडे जायचा, त्यामुळे त्या सुटल्या. पण फोन ठेवताना म्हणाल्या, "तुमच्या बाबांची जीभ गेलीय, हात गेलाय. डोकं जागच्या जागी आहे. तुम्ही लोक त्यांच्यासमोर कपाटासमोर बोलावं तसं बोलता, तेवढं जरा बघा."

 मग ताईने धाकट्याला सांगितलं, "एक जादा माणूस यादीत घे. आमच्या लॅबच्या गाडीचा ड्रायव्हर. त्याच्या फोनवर पान आलं की मी तुला कळवते."

"तेरा? मग प्रश्नच मिटला."

"मिटला नाही. गळती तशीच आहे, वरून पाणी ओतलंय फक्त. रविवारी चहाच्या वेळी मला नेहमीचाच प्रश्न विचार. बाबांसमोर."

"कुठला प्रश्न?"

"तुला माहीत आहे कुठला."

रविवारी आल्याबरोबर तिने पिशवीतून लॅबमधलं मऊ कापड काढलं आणि टॅबची काच पुसली. उजेडात धरून पाहिली. एकही डाग नव्हता. टॅब बाबांच्या मांडीवर ठेवला. पाण्याचा पेला हाताशी ठेवला, दिवा आधीच लावला, म्हणजे त्यांना काही मागावं लागू नये.

"ताई," धाकट्याने विचारलं, "बाबांचं काय ठरवलंस?"

"अ‍ॅप वर जाऊ दे, मग बघू," ती म्हणाली आणि त्याला घेऊन स्वयंपाकघरात गेली.

दोघं चहा उकळायची वाट बघत उभी राहिली. टॅबचा आवाज आला नाही. चहा गाळून ती बाहेर आली, बाबांच्या हातातून टॅब अलगद घेतला आणि खिडकीकडे तिरका धरला.

सहा चित्रं कोरी होती. खाली, डाव्या कोपऱ्याजवळ, एक ताजा गोल डाग.

तिने टॅबच्या कडेचं होम बटण दाबलं. परीक्षक-पानाचं चिन्हही त्याच डागाखाली होतं, त्यावर तिने बोट ठेवलं. पान उघडलं. पानावरचं एकुलतं एक बटण बरोबर त्या डागाखाली आलं.

धाकट्याने पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. "बाबा?"

"खाली बस," ताई म्हणाली. "ह्या वेळी मोजणी मोडलेली नाही. बारा उरतात. ऐकून घे." तिने आवाज चढवला नाही. लॅबमध्ये अहवाल वाचावा तशी ती बोलत गेली. "फोन सगळ्यांचे पाहिले, टॅब सोडून, कारण तू म्हणालास तो मीच लावलाय. तिन्ही वेळा रविवार. रविवारी घरात तू, मी आणि बाबा. तुला मोडायचं असतं तर मला शोधायला सांगितलं नसतंस. मी परीक्षकच नाही, माझ्या जुन्या फोनवर हे अ‍ॅप चालत नाही. उरलं कोण? आणि रविवारी होतं काय? तू विचारतोस, मी 'मग बघू' म्हणते, आपण आत जातो, दार लावतो."

"पण परत आत का येतात?"

"जन्मभर त्यांनी तेच केलं. पाडायचं आणि परत चढवायचं. बंद केलेली लाइन तशीच सोडून बाबा कधी घरी आले नाहीत. पहिल्यांदा अकरा झाले तेव्हा तू किती जणांना फोन केलेस?"

"सगळ्यांना. इथेच बसून. कोण बाहेर पडलं, कोण बाहेर पडलं, करत."

"त्यांनी ते पाहिलं. स्विच पाडला की माणसं धावत येतात आणि बोलायला लागतात. फक्त त्यांच्याशी कुणी बोललं नाही. म्हणून परत पाडला."

बाबा ऐकत होते. ताईने टॅब अ‍ॅपवर आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

"बाबा, त्या पानावरून तुम्ही बाहेर पडत होतात?"

बोट उठलं. "हो," टॅबमधली बाई प्रसन्नपणे म्हणाली.

"ह्याचं काम मोडावं म्हणून?"

"नाही."

"आम्ही तुमच्याशी बोलावं म्हणून?"

"हो."

धाकटा पुढे सरकला.  "एकदा बाहेर पडलं की सगळे दिवस वाया जातात, मोजणी पहिल्यापासून, हे माहीत होतं तुम्हाला?"

बोट पुन्हा उठलं. "नाही." मग पुन्हा, "नाही." आणि परत एकदा.

"बस, बाबा. बस." धाकट्याने त्यांचं बोट हातात धरलं. "त्यांना वाटलं, पाच मिनिटं लाइन गेली तर पाच मिनिटांचंच नुकसान."

"उपकेंद्रात तसंच असतं," ताई म्हणाली. "इथे तसं नाही, हे आपण दाराआड बोललो."

 चहावर साय धरली. धाकट्याने बोट सोडलं. ताईने पुढचा प्रश्न विचारला, कारण तो यादीत पुढचा होता.

"केअर सेंटरमध्ये जाल?"

"हो."

"जावंसं वाटतं?"

"नाही."

"माझ्याकडे यायचंय?"

बोट पुढे आलं आणि दोन चित्रांच्या मधल्या रिकाम्या पट्टीवर थांबलं. काचेला लागलं नाही. बाबा टॅबकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते, आणि तिला कळलं की हे उत्तर देणं नव्हतं. वर्षभर हाच एक प्रश्न ते तिला विचारत होते, आणि त्यासाठी काचेवर चित्र नव्हतं.

तिने आपल्या आत पाहिलं. भीती नव्हती, रडू नव्हतं. जे होतं ते इतके दिवस तिथेच होतं, फक्त तिने उचलून बघितलं नव्हतं.

"मी थांबले होते," ती म्हणाली. "एखाद्या दिवशी उठेन आणि न्यावंसं वाटेल म्हणून. तसा दिवस आला नाही. दर रविवारी मी येईन, ते सेंटर मी स्वतः बघून निवडेन. पण मी तुम्हाला माझ्याकडे नेणार नाही, बाबा."