पिल्लांसाठी कडी

कंदील जरा बारीक करा रे... हं. ही गोष्ट आमच्या लाइनमनच्या बाबतीत घडलेली. आणि त्याला धड थापही मारता येत नाही. बायको होती तोवर दर वेळी पकडला जायचा.

आपला रस्ता रानाचे दोन तुकडे करून गेलाय, हे तुम्ही बघताच. गावाने भांडभांडून रात्री गाड्या अडवायला रस्त्यावर फाटक लावायला लावलं, पण दिवसा वानरं गाड्यांखाली यायचीच. म्हणून मग रस्त्यावरून, या झाडापासून त्या झाडापर्यंत, दोरांचे पूल बांधायचं ठरलं. पहिला पूल विणला लाइनमनच्या बायकोने. दोन्ही टोकांना, गाठीखाली, ती दोराची एक छोटी कडी सोडायची. "पिल्लांना धरायला," म्हणायची. पूल बांधणाऱ्या गावच्या कमिटीतले हसायचे. दुसरं कुणी तसली कडी सोडत नसे.

ती तापाने गेली. पूल जीर्ण झाला, तरी लाइनमन तो बदलू देईना. "तिच्या हातचा आहे," एवढंच म्हणायचा. मग एका सकाळी दोर तुटला आणि एक पिल्लू रस्त्यावर आपटलं. त्याची आई संध्याकाळपर्यंत त्याला छातीशी धरून बसली होती. लाइनमनने ते पाहिलं. त्या दिवसापासून त्याच्या घशाखाली घास उतरेना.

गेल्या मार्चमधला शेवटचा शनिवार. रात्री साडेदहाला, फाटक लागल्यावर, तो नवा दोर घेऊन निघाला. एक टोक त्याने पलीकडच्या झाडाखाली ठेवलं, दुसरं घेऊन अलीकडच्या झाडावर चढला. पलीकडे मेहुणा चढणार होता. म्हणजे बायकोचा भाऊ, वेळेवर कधीच न येणारा.

टोक बांधून तो वाट बघत बसला. टॉर्चचा उजेड पानांतच अडकत होता.

दोर हलला. पलीकडे वर सरकू लागला.

"आलास का रे?"

दोर वर जातच राहिला.

"बरं, ओढ."

दोर ताणला गेला. बेताने. हिसका नाही... मग दोन हलके झटके.

बांधून झालं की दोन झटके द्यायचे, ही त्या नवराबायकोची खूण. मेहुण्याला ती ठाऊकच नव्हती.

रानात किडासुद्धा बोलेना.

"पिल्लू पडलं गं..." तो म्हणाला. "माझ्यामुळे."

फक्त दोर... त्याच्या मुठीत थरथरत राहिला. बराच वेळ. मग शांत झाला.

तेवढ्यात फाटकाकडून मोटारसायकलचा दिवा दिसला.

"दाजी, टायर पंक्चर झाला हो," मेहुणा खालून म्हणाला. "अजून सुरुवात केली नाही ना?"

लाइनमन खाली उतरला. "उजाडू दे," म्हणाला.

उजाडल्यावर दोघे पलीकडच्या झाडाशी गेले. खोडावरचं ओलं शेवाळ जसंच्या तसं होतं, कुठे पाय लागल्याची खूण नाही. आधी मेहुणा चढला. वर गेला आणि त्याने हातानेच दाजींना वर बोलावलं. मग हा चढला.

गाठ पक्की होती. आणि गाठीखाली, त्याच नव्या दोराची, एक कडी... पिल्लाच्या मुठीत मावेल एवढी.