देवमाता होडीचा वाटा

हे माझ्या घरात घडलंय. पटत नसेल तर पुढे सरका, मला कोणाला पटवायची हौस नाही.

आणि रात्रबित्र नव्हती. मागच्या नोव्हेंबरातला रविवार, सकाळचे पावणेदहा. वसईची एव्हरशाईन सिटी, तिसरा मजला. वरच्या घरात मिक्सर चालू होता.

माझा नवरा जोएल, वय छत्तीस. चर्चमध्ये मिस्साला निघायचं म्हणून आमच्या पाच वर्षांच्या जेसिकाच्या बुटाची पट्टी लावत होता.

लावता लावता तो खालीच बसला.

"रोझ, पाणी दे गं."

मला वाटलं ॲसिडिटी. लिंबू-सोडा दिला. वर बोललेसुद्धा, "काल बिर्याणी कमी खायची होतीस." त्यात वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मग त्याचा शर्ट घामाने भिजला, आणि मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

हार्ट अटॅक. दोन स्टेंट. डॉक्टर म्हणाले, वाचलाय, पण दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही. मेडिक्लेमवाल्यांनी अर्ध्याच बिलाला हो म्हटलं. उरले एक लाख चाळीस हजार.

कॅश काउंटरवर सदानंद नावाचे गृहस्थ होते. भला माणूस.

"ताई, मंगळवार सकाळपर्यंत बघा काहीतरी. मी तोवर वरच्यांना सांभाळतो."

मंगळवारी आईने दिलेल्या बांगड्या पर्समध्ये घालून निघाले. सोनाराचं दुकान उघडलं नव्हतं, म्हणून आधी हॉस्पिटलात गेले.

सदानंद मला बघून हसले. "भरले की तुमचे पैसे. सगळे."

त्यांच्या टेबलावर पाचशेच्या नोटा पसरल्या होत्या. वर पंखा फुल्ल.

नोटा ओल्या होत्या...

"तुमच्याकडचे काका येऊन गेले. हाफ पँट, डोक्याला रुमाल. नखशिखांत भिजलेले. ही चिठ्ठी दिली. म्हणाले, घरच्या बाईची सही घेऊन ठेवा, मी न्यायला येईन."

चिठ्ठीवर दोनच ओळी. 'होडी देवमाता. जोएलचा वाटा.'

आता हे सांगायला हवं. मी नंदाखाल गावची. आमच्याकडे केळी-नारळाच्या वाड्या. जोएल पाचूबंदरचा, कोळ्यांचा. त्यांच्याकडची एक रीत मला लग्नानंतर कळली. होडीवरचा माणूस आजारी पडला, तरी मासळीच्या पैशातला त्याचा वाटा घरी पोचतो. जोएल कधी होडीवर गेला नव्हता, तो अंधेरीत ऑफिसात जातो. पण गावातल्या कोणीतरी आपलं पोर म्हणून पाठवले असतील, असं मला वाटलं.

मला तिथेच रडू आलं. मी सही केली. कागद इतका ओला होता की पेन दोनदा अडकलं. चिठ्ठी सदानंदांकडेच ठेवली.

वर आयसीयूत गेले. जोएल पहिल्यांदाच नीट शुद्धीत होता.

"रोझ, पाणी कुठे आपटतंय?"

"कुठे नाही. मशीनचा आवाज आहे तो."

"नाही गं... लाकडावर आपटतंय."

मी कान दिला. मशीनच्या टिकटिकीशिवाय काही नव्हतं.

बाहेर येऊन सासूबाईंना फोन लावला. उर्सुला नाव त्यांचं, पाचूबंदरलाच राहतात. म्हटलं, गावाचे आभार मानायचेत, पैसे पोचले.

"कोनी पाठवले?"

"देवमाता होडीवाल्यांनी."

त्यांनी ते नाव मला पुन्हा म्हणायला लावलं.

"देवमाता. का, आई?"

"रोझू, तुझे सासरे त्याच होडीवर होते."

जोएल नऊ वर्षांचा असताना सासरे आणि आणखी तिघं समुद्रावर गेले, ते परत आलेच नाहीत. एवढं मला माहीत होतं. पण त्या होडीचं नाव त्या घरात कोणी काढत नसे. मला कळणार कसं?

"तू सही नाय ना केलीस?"

"केली."

"अगं बाय माझे... वाटा घेतला म्हनजे मानूस त्या होडीचा झाला. बरा झाला की त्याला जावं लागतं."

मी धावत जिना उतरले. चिठ्ठी फाडायची, पैसे परत करायचे, एवढंच डोक्यात होतं.

"आत्ताच नेली की काकांनी," सदानंद म्हणाले. "तुम्हाला दारात दिसले नाहीत?"

जिना दारासमोरच उतरतो. मला कोणी दिसलं नव्हतं. वॉचमननेही कोणाला पाहिलं नव्हतं.

काउंटरसमोर फरशीवर पाणी होतं. वाळत आलेल्या कडांना पांढरं मीठ...

त्याच दिवशी बांगड्या विकल्या. एक लाख चाळीस हजार पाकिटात घातले आणि सासूबाईंना घेऊन पाचूबंदरच्या किनाऱ्यावर गेले. दुपारची वेळ, मासळी सुकत घातलेली, बायका जाळी साफ करत होत्या. आम्ही दोघी पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिलो. पैसे द्यायचे कोणाच्या हातात?

ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे.

जोएल घरी आला. महिन्यामहिन्याने सुधारत गेला. फेब्रुवारीत डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "एकदम फिट. ऑफिस सुरू करा." सगळे हसले. मी म्हटलं, "डॉक्टर, फिट असं लिहू नका ना." जोएलने कपाळावर हात मारला.

ते सर्टिफिकेट मी तांदळाच्या डब्यात लपवलं. ऑफिसला सांगितलं, अजून विश्रांती आहे. बिनपगारी रजा चालू आहे, माझ्या एकटीच्या पगारावर घर ओढतेय. लोक म्हणतात, बाई नवऱ्याला आजारीच ठेवायला निघालीय. म्हणू देत.

रोज संध्याकाळी मी रोझरीची माळ धरते आणि एकच मागते. देवा, त्याला जगव, पण पूर्ण बरं करू नकोस. थोडं दुखू दे. कुठली बायको असं मागते? मी मागते.

हे आज लिहायचं कारण आहे. आज रविवार. सकाळी जोएल जेसिकाला खांद्यावर घेऊन तिन्ही मजले चढून आला. धाप नाही, काही नाही.

"रोझ, आज छातीत काहीच होत नाहीये गं. अगदी पहिल्यासारखं वाटतंय."

तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली. कोळीवाड्यात होडी निघताना मारतात तशी, लांबवून.

"जोएल... ए जोएल..."

मी गॅलरीत धावले. खाली कोणी नव्हतं. गेटपासून आमच्या जिन्यापर्यंत लादी तेवढी ओली होती.

मागून जोएलचा आवाज आला. अगदी सहज, ओळखीच्या माणसाला द्यावा तसा.

"आलो."

मी दाराला आतून कुलूप लावलंय. किल्ली माझ्या मुठीत आहे. तो सोफ्यावर बसून स्वतःच्या बुटाची पट्टी लावतोय.