पाणी पाठीमागून येतं

ती वाळूच्या दांड्यावर एकटीच खुर्ची टाकून बसली होती. पाठ किनाऱ्याकडे, तोंड समुद्राकडे. मांडीवर पुस्तक उघडं होतं, पण ती वाचत नव्हती. बाकीची माणसं पोरंबाळं, बादल्या, खेळण्यांच्या ढकलगाड्या घेऊन परतायला लागली होती आणि हिला पत्ताच नव्हता.

मी जवळ गेलो. "बाई, उठा आता. भरती लागली."

तिनं समोर पाहिलं. "कुठे? पाणी तर होतं तिथेच आहे."

"समोर नका बघू, मागे बघा. इथे पाणी पाठीमागून येतं."

तिनं मान वळवली. दांडा आणि किनारा यांच्या मधल्या चरात पाणी शिरलं होतं, आणि आवाज न करता भरत होतं.

"पाठीमागून..." ती म्हणाली. "ही लबाडी त्याला कुणी शिकवली?"

बऱ्याच दिवसांत माझ्याशी कुणी चेष्टेनं बोललं नव्हतं. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलत, आजाऱ्याशी बोलावं तसं.

मी तिची खुर्ची उचलली. ती सँडल हातात घेऊन मागून आली. चरात पाणी पोटरीपर्यंत होतं.

"तुम्ही इथले पहारेकरी का?"

"नाही. घरं तापवायचे बॉयलर दुरुस्त करायचो. आता निवृत्त."

"मग लोकांना समुद्रातून हाकलायचं काम कुणी दिलं?"

"कुणीच नाही."

हे खरं होतं. केप म्हणजे समुद्रात शिरलेली जमीन; तिच्या आमच्या बाजूला लाटा नाहीत. ओहोटीला समुद्र इतका लांब जातो की दुडदुडणारी पोरंही त्याच्यामागे चालत जातात, आणि गुडघाभर कोमट पाण्यात दिवसभर खेळतात. म्हणून इथे सगळी कुटुंबंच येतात. माझी बायको थेल्मा आणि मी प्रत्येक उन्हाळ्यात ओहोटीबरोबर चालत बाहेर जायचो आणि परत यायचो. फेब्रुवारीत थेल्मा गेली. तेव्हापासून मी जेवतो ते मोरीपाशी उभा राहूनच. घरात फ्रीजचा आवाज तेवढा येतो. ओहोटी असली की मी बाहेर पडतो आणि अनोळखी लोकांना सांगत सुटतो – उठा, भरती लागली. लोक 'थँक्यू' म्हणतात. तेवढंच कुणाशी तरी बोलणं.

दुसऱ्या दिवशी गाड्या लावायच्या जागी हॅटीनं मला अडवलं. ती तिथे पास तपासते. शाळेपासून ओळखते मला, त्यामुळे हळू आवाजात बोलत नाही.

"ऑल्डन क्रोवेल, एक निळ्या टोपीची बाई तुला शोधत होती. म्हणाली, तो हाकलणारा माणूस कुठाय?"

"मग?"

"मग काय, म्हटलं येईल. त्याला दुसरं आहे काय करायला?"

निळी टोपी दांड्यावरच होती. या वेळी खुर्ची नव्हती. "आज स्वतःहून उठले," ती म्हणाली. "आता लोकांना हाकलताना मलाही सोबत घ्या."

तिचं नाव कोरीन टिबो. ती ऱ्होड आयलंडमधल्या वूनसॉकेटची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आठवडाभर कॉटेज घेतलं होतं, मुलगा-सून-नातवंडं येणार म्हणून. नातवंडांना कांजिण्या झाल्या. कुणीच आलं नाही.

"सहा खाटा आहेत त्या घरात," ती म्हणाली. "रोज वेगळ्या खाटेवर झोपते. म्हणजे कुणा खाटेला वाईट वाटायला नको."

"आणि सातव्या रात्री?"

"सातव्या रात्री सोफ्यावर. मग शनिवार. घर रिकामं करायचं."

आम्ही चाललो. पायाखाली वाळूच्या वळ्या, त्यांत साचलेलं ऊन ऊन पाणी. मी दाताळ्यानं वाळूतल्या शिंपल्या, तिसऱ्या, उकरत होतो. ती वाकून बघत होती, आणि तिच्या टोपीची सावली माझ्या हातावर पडत होती.

"या एवढ्याशा का फेकल्या?"

"लहान आहेत. वाढू द्यायच्या. मापापेक्षा बारीक घेत नाही आम्ही."

"आणि मापापेक्षा मोठ्या असल्या तर?"

"त्या चिवट असतात. पण चावडरच्या सुपाला चालतात."

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे आपल्या वयाचा काही उपयोग आहे."

त्या दिवशी मी घरी येऊन खुर्चीत बसून जेवलो. आणि तिसऱ्या दिवशी ते झालं.

आम्ही पार शेवटच्या दांड्यापर्यंत गेलो होतो. थेल्मा गेल्याचं मी तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. वाटेत तिनं विचारलं, "थेल्मा कशी होती?" मला वाटलं होतं, 'कशानं गेली' असं विचारेल. सगळे तेच विचारतात. कशी होती, हे कुणी विचारलं नव्हतं.

मी सांगायला लागलो. की ती सीगलशी भांडायची, अगदी कमरेवर हात ठेवून. की तिनं एकदा माझ्या बॉससाठी केक केला आणि त्यात साखरेऐवजी मीठ पडलं, आणि त्या माणसानं भिडेपोटी दोन तुकडे खाल्ले. कोरीन हसली. मीही हसलो. मग तिनं तिच्या नवऱ्याचं सांगितलं, की तो घोरायचा आणि वर म्हणायचा, तूच घोरतेस. असं बराच वेळ चाललं.

मधेच ती थांबली. "ऑल्डन... आपल्या मागे काय आहे?"

मी वळलो. चर भरला होता. दोन पोरं असलेलं एक कुटुंब पलीकडच्या काठावर उभं राहून आमच्याकडे बघत होतं. कालच मी त्या लोकांना हाकललं होतं.

"किती खोल असेल?"

"छातीएवढं. मध्ये थोडं जास्त."

"मग काय, जाऊ या." तिनं टोपी घट्ट केली. "पोहता येतं ना?"

मी पँटची टोकं वर दुमडायला लागलो.

"ऑल्डन?"

"आमच्यात कुणी शिकायचं नाही. आजोबा होडीवर होते. म्हणायचे, पोहता येत असलं की मरायला जास्त वेळ लागतो."

"छान घराणं आहे," ती म्हणाली. "मी तीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलं. हात दे."

पाणी गार होतं. पोटाशी आलं, छातीशी आलं. मधोमध पायाखालची वाळू सरकली आणि मी तिचा खांदा धरला.

"चार वर्षांची पोरंसुद्धा एवढं आवळून धरत नाहीत. खांदा सोड. हात धर... हां. आता माझ्याकडे बघ. पाण्याकडे नको."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या पापण्यांवर खारे थेंब होते. तिचा हात लहान होता, पण पकड पक्की होती. पलीकडे पोहोचलो तरी तिनं तो लगेच सोडला नाही. मीही नाही.

किनाऱ्यावर हॅटी हातांची घडी घालून उभी होती. "काय रे ऑल्डन, पाणी कुठून येतं म्हणालास?"

तो किस्सा संध्याकाळपर्यंत गावभर झाला. मला त्याचं काही वाटलं नाही. मी ओल्या पँटीनं हसत घरी आलो, मागचं दार उघडलं आणि म्हणालो, "थेल्मा, ऐक, आज काय झालं—"

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओल्या कपड्यांनी किती वेळ तिथे उभा होतो, ठाऊक नाही.

त्यानंतर मी किनाऱ्यावर गेलो नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. ओहोटीची वेळ झाली की पडदे ओढून बसायचो. कोरीनला हसवताना थेल्माचीच गोष्ट खर्ची घातली, असं काहीतरी वाटत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे... पुन्हा सांगावीशी वाटत होती.

शुक्रवारी संध्याकाळी दार वाजलं. कोरीन होती, हातात फडक्यात गुंडाळलेलं ताट.

"पत्ता हॅटीनं दिला. तिला रागावू नको. ही मैद्याच्या पारीत खिमा भरून भाजलेली 'पाय' आहे. आमच्याकडे नाताळात करतात. सहा माणसांचं साहित्य आणलं होतं, करून टाकली."

मी तिला आत बोलावलं. आम्ही टेबलाशी बसून खाल्लं. बाहेर दिवस कलला होता.

"उद्या जातेस," मी म्हणालो.

"दहाच्या आत. नाहीतर घरमालकीण झाडू घेऊन येते." तिनं काटा खाली ठेवला. "वूनसॉकेट काही चंद्रावर नाही, ऑल्डन. कालव्यावरचा पूल ओलांडला की दीड तास. येशील कधी?"

"मी पूल ओलांडत नाही."

"तुम्ही केपवाले सगळे तेच म्हणता. पलीकडे वाघ आहेत जसे."

"तसं नाही." मी हाताकडे बघत होतो. "थेल्माला बॉस्टनच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा ओलांडला होता. ती ॲम्ब्युलन्समध्ये, मी मागून गाडीत. परत आलो तो एकटा. त्यानंतर नाही गेलो. दाताचा डॉक्टरसुद्धा बदलला."

तिनं धीर दिला नाही, हातही धरला नाही. फक्त माझा फोन उचलला, त्यात तिचा नंबर घातला आणि टेबलावर ठेवला.

"मी तुला चार दिवस ओळखते," दारात ती म्हणाली. "तेवढ्यावरून काही मागायचा हक्क नाही. पण एक सांगते. थेल्मा मला आवडली. तू तिच्याबद्दल बोलतोस, तेव्हा तूही आवडतोस." मग घाईघाईनं, "ताट तुझ्याकडेच ठेव. नको पाठवूस," म्हणून निघून गेली.

ऑगस्टमधल्या शनिवारी आमच्याकडचा शहाणा माणूस गाडी बाहेर काढत नाही. एका आठवड्याचे पाहुणे जातात, दुसऱ्याचे येतात, आणि पुलापर्यंत गाड्यांची रांग मुंगीच्या पावलानं सरकते. आम्ही त्या दिवशी घरी बसून त्यांना हसतो. मी अकरापर्यंत बसलो. हसू आलं नाही. सहा खाटांचं ते घर आता रिकामं असेल, असं मनात आलं. आणि हे घरही तसंच. मी किल्ल्या घेतल्या.

पुढच्या गाडीवर सायकली, मागच्या गाडीत रडणारं बाळ. जागचं हलेना. पूल दिसायला लागला तसा मी फोन लावला.

"ऑल्डन?"

"कुठे आहेस?"

"आत्ताच पूल ओलांडला. दोन तास लागले. डोनटच्या दुकानापाशी थांबलेय, पाय मोकळे करायला. का रे?"

"मी रांगेत आहे."

"कसल्या रांगेत?" मग ती थांबली. "शनिवारी? तू?"

"हॅटीला सांगू नकोस."

ती हसली नाही. "सावकाश ये," म्हणाली. "मी आहे."

मी ठरवलं होतं, समोर बघायचं आणि एका दमात पूल पार करायचा. पण शनिवारची रांग कुणाचं ऐकते? बरोबर माथ्यावर, अगदी मधोमध, सगळ्या गाड्या थांबल्या. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. फोन चालूच होता.

"कोरीन, मध्यावर अडकलोय."

"काय दिसतंय तिथून?"

"काही नाही."

"बघ तर खरं."

मी बघितलं. खाली कालवा होता, रुंद, हिरवा. मागच्या वेळी मला फक्त ॲम्ब्युलन्सचे दिवे दिसले होते, तो दिसलाच नव्हता. "जहाजं ओढणारी एक बोट चाललीय. काठावर लोक मासे पकडतायत. एक बाई सायकलवर आहे, तिच्या टोपलीत कुत्रं बसलंय."

"थेल्माला आवडलं असतं का?"

"कुत्र्याशी भांडली असती." माझा आवाज फाटला. मी तो तसाच राहू दिला. "कोरीन... ती जायची नाही कुठे. माझ्यातून."

"मी कुठे म्हटलं, घालव म्हणून?"

फोनमधून तिच्याकडचे गाड्यांचे आवाज येत होते, खिडकीतून माझ्याकडचे.

"मला तू आवडतेस," मी म्हणालो. "हे समोर येऊन सांगणार होतो. पण इथेच सुटलं तोंडून."

"पुन्हा सांग समोर. मला चालेल."

मागून भोंगा वाजला. मग दुसरा.

"मागचे का ओरडतायत?" तिनं विचारलं.

"पुढची रांग हललीय."

"मग ये की, बाबा."

मी गाडी गिअरमध्ये टाकली. पुलाचा उतार सुरू झाला.